ओस घरे आणि वसलेले गाव : दिल्ली-दौलताबाद स्थलांतर व खुलताबाद

१

दूरच्या प्रवासास निघणारा मनुष्य घर बंद करतो तेव्हा त्याच्या प्रत्येक कृतीत परत येण्याचे गृहीतक असते. काशीयात्रेस निघणारा आपल्याकडील जुना गृहस्थ देण्याघेण्याची निरवानिरव करी, दागिना व कागदपत्रे विश्वासू माणसाकडे ठेव म्हणून सोपवी, देवांची पूजा व तुळशीचे पाणी भाऊबंदांपैकी कोणाकडे लावून देई आणि शेवटी कडीकोयंडा घालून किल्ली शेजारच्या घरी देई. वाट धोक्याची, प्रवास महिनोन्‌महिन्यांचा; तेव्हा परत येणे होईलच असे नाही, हे त्यास ठाऊक असे, आणि म्हणूनच निरवानिरवीला महत्त्व असे. तरीही घर हे ‘सोडलेले’ नसून ‘ठेवलेले’ असे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली कर्ज फेडण्यापुरते द्रव्य मिळवावे म्हणून चुलत्यांबरोबर उत्तरेस गेले, तेव्हा वाटेत त्यांच्यावर जे प्रसंग आले ते ‘माझा प्रवास’ या ग्रंथामुळे सर्वश्रुत आहेत. परंतु मागे घरात माणसे होती आणि परत यावयाचे ठिकाण ठरलेले होते, ही गोष्ट त्या सर्व हकिकतीचा पाया आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय याच्या नेमका उलट आहे. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील खुलताबाद हे गाव दौलताबादच्या किल्ल्यापासून काही कोसांवर, डोंगरमाथ्यावर वसले आहे. त्याचे जुने नाव रौजा, म्हणजे समाधिस्थान. या गावाचा आरंभ ज्या माणसांच्या कबरींपासून झाला, त्यांपैकी पुष्कळजण चौदाव्या शतकाच्या पहिल्या अर्धात दिल्लीतील आपली राहती घरे रिकामी करून आले होते. सुलतान महंमद बिन तुघलकाने दिल्लीच्या रहिवाशांस दौलताबादेस नेले हा प्रसंग प्रत्येक पाठ्यपुस्तकात येतो, आणि मराठीत ‘तुघलकी कारभार’ हा शब्दप्रयोगही त्याच्याच नावाने रूढ झाला आहे. परंतु घरे रिकामी करण्याची तयारी कशी झाली, त्या घरांचे पुढे काय झाले, आणि घर विकून आलेल्या माणसाने दक्षिणेत दुसरे घर कशाच्या आधारावर उभे केले, हे प्रश्न फारसे विचारले जात नाहीत. त्यांची उत्तरे शोधू लागल्यास या स्थलांतराचे स्वरूपच थोडे निराळे दिसू लागते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

२

प्रथम साधनांचा विचार करणे अवश्य आहे. कारण या प्रसंगाची मुख्य साधने समकालीन असली तरी त्यांपैकी एकही तटस्थ नाही.

झियाउद्दीन बरनी हा सुलतानाच्या दरबारात सतरा वर्षे वावरलेला मनुष्य. त्याची ‘तारीख-ए-फिरोजशाही’ मात्र सुलतानाच्या मृत्यूनंतर, १३५७ च्या सुमारास, विपन्नावस्थेत पूर्ण झाली. शहरात मांजर-कुत्रेही उरले नाही, हे पुढे सर्वत्र उद्धृत झालेले विधान त्याचेच. इसामी हा ‘फुतूह-उस-सलातीन’ या काव्यमय इतिहासाचा कर्ता. स्थलांतराच्या वेळी तो सुमारे सोळा वर्षांचा होता आणि स्वतः त्या काफिल्यात होता; तेव्हा त्याची साक्ष प्रत्यक्षदर्शीची खरी. परंतु त्याचा ग्रंथ १३५० च्या सुमारास दक्षिणेतच पूर्ण झाला, आणि तो ज्या अलाउद्दीन बहमनशाहास अर्पण केला आहे, तो तुघलकाविरुद्ध बंड करूनच गादीवर आलेला होता. तेव्हा तुघलकाची निंदा हा त्या ग्रंथाचा केवळ भाव नसून प्रयोजनही होते, हे विसरता येत नाही.

तिसरा साक्षीदार मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता. तो दिल्लीस पोहोचला १३३४ मध्ये, म्हणजे मुख्य स्थलांतरानंतर काही वर्षांनी. त्याने रिकामे शहर पाहिले, ते रिकामे होताना पाहिले नाही. आंधळ्या मनुष्यास दिल्लीपासून ओढत नेले व त्याचा केवळ पाय दौलताबादेस पोहोचला, ही त्याची प्रसिद्ध कथा ऐकीव आहे. चौथा याह्या सरहिंदी. तो सुमारे शंभर वर्षांनंतर लिहितो, पण स्थलांतराचे टप्पे वेगवेगळे करून सांगणारा तोच आहे. दमास्कस व कैरो येथे राहणारा अल्-उमरी हिंदुस्थानात कधी आला नाही. परंतु प्रवाशांकडून ऐकलेल्या दौलताबादच्या रचनेची नोंद त्याने केली आहे, आणि ज्यास तुघलकाशी ना वैर ना सख्य असा लेखक म्हणून त्याचे महत्त्व आहे.

या पाचांच्या जोडीला आणखी एक साधनवर्ग आहे. तो म्हणजे खुद्द खुलताबादच्या परंपरेत निर्माण झालेले फार्सी वाङ्मय. बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या संभाषणांचे संग्रह त्यांच्या काशानी घराण्यातील शिष्यांनी तयार केले. ‘नफाइस-उल-अन्फास’ व ‘अहसन-उल-अक्वाल’ ही त्यांतील प्रमुख नावे होत. दीर्घकाळ हे ग्रंथ केवळ भक्तांच्या वाचनाचे मानले गेले. कार्ल अर्न्स्ट यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांचा साक्षेपाने उपयोग करून खुलताबादच्या सूफी परंपरेचा इतिहास मांडला, आणि त्यामुळे दरबारी बखरकारांच्या बाहेरची एक बाजू अभ्यासकांस उपलब्ध झाली.

३

आता घरे कोणाची रिकामी झाली, हा प्रश्न. बरनीचे विधान शब्दशः घेतल्यास उत्तर सोपे आहे : सर्वांची. परंतु आगा महदी हुसेन यांनी १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या समजुतीस आक्षेप घेतला. दिल्लीच्या परिसरातील नारायणा व सरबन येथील दोन संस्कृत शिलालेख विक्रम संवत १३८४ चे, म्हणजे इ. स. १३२७-२८ चे आहेत. दोन्हींचा संबंध विहिरी बांधण्याशी आहे आणि दोन्हींत राज्यकर्त्या सुलतानाचा गौरवाने उल्लेख येतो. जो मनुष्य गाव सोडून जाण्याच्या तयारीत आहे तो विहीर बांधीत नाही. तेव्हा दिल्लीच्या आसपासचा हिंदू व्यापारी वर्ग या काळात स्वस्थपणे नांदत होता, हा महदी हुसेन यांचा निष्कर्ष सकृद्दर्शनी पटण्याजोगा आहे.

तथापि या पुराव्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. याह्या सरहिंदीच्या कालक्रमानुसार पहिला टप्पा हिजरी ७२७ (इ. स. १३२६-२७) मधला. त्यात सुलतानाची आई मखदूमा-ए-जहान, राजकुटुंब, अमीर-उमराव व खजिना हे दक्षिणेकडे गेले. शहरातील सय्यद, शेख, विद्वान व इतर रहिवासी यांचा टप्पा हिजरी ७२९ (इ. स. १३२८-२९) मधला. हा कालक्रम ग्राह्य धरला तर दोन्ही शिलालेख दुसऱ्या व मोठ्या टप्प्याच्या पूर्वीचे ठरतात, आणि १३२९ साली दिल्लीत कोण उरले होते याविषयी ते मूक आहेत. केवळ त्यांच्या बळावर बरनीस खोटे ठरविणे योग्य होणार नाही.

मात्र दुसरीकडून मिळणारा पुरावा त्याच दिशेस जातो. सुलतानाने १३३० च्या सुमारास काढलेल्या सांकेतिक नाण्यांवर दिल्ली व दौलताबाद या दोन्ही टांकसाळींची नावे आढळतात; म्हणजे दिल्लीचा कारभार थांबला नव्हता. त्याहून बोलका दाखला सूफी परंपरेतला आहे. निजामुद्दीन औलियांचे (मृत्यू १३२५) शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब दौलताबादेस आले. परंतु त्याच गुरूचे दुसरे थोर शिष्य नासिरुद्दीन, जे पुढे ‘चिराग-ए-दिल्ली’ म्हणून ओळखले गेले, ते दिल्लीतच राहिले आणि १३५६ साली तेथेच वारले. एकाच घरातील एक भाऊ परगावी जावा व दुसऱ्याने घर राखावे, तसे हे घडले. दिल्लीची खानकाह विझली नाही. तेव्हा सर्व दिल्ली ओस पडली नाही, तर दरबाराभोवतीचा मुसलमान प्रतिष्ठित वर्ग व त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे यांची घरे रिकामी झाली, असे म्हणणे सत्यास अधिक धरून होईल. बरनी व इसामी हे दोघेही त्याच वर्गातले होते. आपली आळी ओस पडली म्हणजे मनुष्यास गावच ओस पडल्यासारखे वाटते; त्यांच्या विधानातील अतिशयोक्ती या जातीची आहे. ती लबाडी नव्हे.

४

ज्या घरांवर कुलूप पडले त्यांच्या मालकांची तयारी कशी झाली, हे पाहू. साधनांतील तुटक उल्लेख एकत्र केल्यास या तयारीची तीन अंगे स्पष्ट दिसतात.

पहिले अंग घरांच्या किमतीचे. सुलतानाने दिल्लीच्या रहिवाशांकडून त्यांची घरे विकत घेतली व त्यांचे मोल चुकते केले, असे इब्न बतूता सांगतो. हाच इब्न बतूता सुलतानाच्या क्रौर्याच्या कथाही सांगतो. त्यामुळे त्याच्या लेखणीतून आलेले हे अनुकूल विधान अधिक विश्वसनीय मानले पाहिजे. याह्या सरहिंदीही घरांचे मोल खजिन्यातून दिल्याचे नमूद करतो.

दुसरे अंग वाटेचे. दिल्ली ते दौलताबाद हे अंतर सुमारे अकराशे किलोमीटर. इब्न बतूता ते चाळीस दिवसांचे सांगतो, रस्त्याच्या दोन्ही बाजूंस झाडे लावलेली असल्याने प्रवाशास आपण बागेतून चालल्यासारखे वाटते असे लिहितो, आणि प्रत्येक मैलावर डाकेच्या चौक्या असल्याचेही नोंदवितो. मात्र चाळीस दिवसांचा हिशेब रोज सुमारे २७ किलोमीटर चालणाऱ्याचा आहे. धडधाकट प्रवाशास वा स्वारास तो झेपेल. वृद्ध, लेकुरवाळ्या स्त्रिया व सामानाने लादलेली जनावरे यांच्या काफिल्यास त्याहून पुष्कळ अधिक दिवस लागले असतील, हे उघड आहे.

तिसरे अंग मुक्कामाच्या ठिकाणाचे. अल्-उमरीने ऐकल्याप्रमाणे दौलताबादेत सैनिक, वजीर व कारकून, काझी व विद्वान, शेख व फकीर, व्यापारी असे प्रत्येक वर्गाचे निरनिराळे मोहल्ले आखले होते. प्रत्येक मोहल्ल्यात मशीद, बाजार, हमाम, पिठाच्या गिरण्या व भट्ट्या असाव्यात, म्हणजे कोणास गरजेसाठी दुसरीकडे जावे लागू नये, अशी ती योजना होती. बरनीसुद्धा, निघताना व पोहोचल्यावर सुलतानाने लोकांस सढळ हाताने देणग्या दिल्या, हे मान्य करतो.

या तिन्ही गोष्टी ध्यानात घेतल्या म्हणजे ‘तुघलकी कारभार’ या शब्दप्रयोगात जो अविचार अभिप्रेत असतो, तो येथे दिसत नाही हे कबूल करावे लागते. सावली, डाक, पैसा, घरे, भट्ट्या इथपर्यंत विचार झालेला होता. मग दोन्ही समकालीन बखरकारांनी एवढा आक्रोश का करावा? केवळ वैर वा स्वार्थ हे कारण पुरेसे नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते या प्रश्नाचे उत्तर तयारीच्या पहिल्याच अंगात, म्हणजे घरांच्या किमतीत दडलेले आहे.

घराचे मोल चुकते करणे ही न्यायाची कृती आहे. परंतु त्याच कृतीने परतीचा हक्क संपतो. जो यात्रेकरू घर बंद करून जातो त्याचे घर वाट पाहते. ज्याने घराचे पैसे मोजून घेतले त्यास परत येण्यास ठिकाण उरत नाही. सुलतानाने लोकांस प्रवासाची सर्व साधने दिली, फक्त किल्ली काढून घेतली. आणि ही विक्री इच्छेची नव्हती. विकत घेणारा एकच, तोच राजा, आणि न विकण्याची मुभा कोणासही नाही, अशा व्यवहारास बाजारभाव लागू पडत नाही.

इतरत्रही असेच घडल्याचे दिसते. इराणच्या शाह अब्बासाने १६०४-०५ मध्ये अरस नदीकाठच्या जुल्फा शहरातील आर्मेनियन लोकांस इस्फहानकडे नेले. त्यांना तेथे वसाहतीसाठी जागा व व्यापारास सवलती मिळाल्या, आणि नवे जुल्फा पुढे भरभराटीस आले. तरी निघताना त्यांनी घरांच्या व देवळांच्या किल्ल्या नदीत टाकल्या, असे आर्मेनियन इतिहासकार अराकेल सांगतो. नव्या घराच्या सुखसोयी मोजता येतात. जुन्या घराची किल्ली कोणत्या खात्यात जमा धरावयाची, हे कोणत्याही राजाच्या दप्तरास ठरविता आलेले नाही.

५

ज्याचे मोल करता येत नाही अशा गोष्टींत पहिली म्हातारी माणसे. इसामीचे आजोबा इज्जुद्दीन हे त्या वेळी नव्वदीचे होते. घरातून बाहेर पडणे ज्यांनी जवळजवळ सोडले होते अशा या वृद्धास काफिल्यात घालण्यात आले, आणि दिल्लीपासून पहिल्याच मुक्कामी, तिलपत येथे, त्यांचा अंत झाला. नातवाने त्यांना तेथेच मूठमाती दिली व तो पुढे चालू लागला. इसामीच्या ग्रंथातील तुघलकनिंदेतून राजकारणाचा सर्व भाग वजा केला तरी ही कबर उरतेच. पहिला मुक्काम म्हणजे जेथून अजून मागे वळून पाहता येते असे ठिकाण. चाळीस दिवसांच्या वाटेची सर्व व्यवस्था या माणसाच्या उपयोगी पडली नाही. कारण त्याची वाट एका दिवसाचीच होती.

दुसरी गोष्ट म्हणजे मागे राहिलेली घरे. एके रात्री सुलतानाने राजवाड्याच्या गच्चीवरून दिल्लीकडे पाहिले. कोठे विस्तव नाही, धूर नाही, दिवा नाही असे दिसताच आपले मन आता शांत झाले असे उद्गार त्याने काढले, अशी आणखी एक कथा इब्न बतूता ऐकीव म्हणून देतो. कथेची सत्यता बाजूस ठेवू. तिच्यातील खूण मात्र विचारात घेण्याजोगी आहे : चूल आणि दिवा. वस्तीची गणना त्या काळचा मनुष्य भिंतींवरून करीत नव्हता, धुरावरून करीत होता. रिकाम्या घराची पडझड कशी सुरू होते हे खेड्यात राहिलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. पावसाळ्यापूर्वी छप्पर शाकारले जात नाही, धाब्याच्या चिरेत पाणी मुरते, चूल पेटत नसल्यामुळे लाकडास वाळवी लागते, आणि दोन-तीन पावसाळ्यांत भिंत बसते. घरास घरपण तर माणसांचे असतेच, पण घराचे आयुष्यही माणसांच्याच वावरावर असते.

आपण विकत घेतलेल्या घरांचा हा प्रश्न सुलतानासही जाणवला असावा. कारण इतर शहरांतील लोकांस दिल्लीत आणून वसविण्याचा त्याने प्रयत्न केला. इब्न बतूता म्हणतो की, त्यामुळे ती शहरे उजाड झाली, पण दिल्ली काही भरली नाही. बरनीही आणलेल्या लोकांमुळे शहर वसले नाही असेच सांगतो. इब्न बतूतास स्वतःस दिल्लीत आल्यावर राहण्यास जे घर मिळाले, त्यात सतरंज्या, चटया, भांडी, बाज असे सर्व काही मांडून ठेवलेले होते. ते घर मूळचे कोणाचे, हे तो सांगत नाही. पण अवाढव्य आणि विरळ वस्तीच्या त्या शहरात सरकारजवळ पाहुण्यांना देण्यास घरांची वाण नव्हती, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

६

आता दुसऱ्या टोकाकडे, म्हणजे खुलताबादकडे वळू.

स्थानिक परंपरेप्रमाणे या डोंगरावर सूफींचे आगमन तुघलकाच्या आज्ञेपूर्वीचे आहे. बुऱ्हाणुद्दीनांचे बंधू मुंतजबुद्दीन, जे जर जरी जर बख्श या नावाने प्रसिद्ध आहेत, ते सातशे अनुयायांसह येथे आले असे परंपरा सांगते. समकालीन लेखी पुराव्याने या संख्येस दुजोरा मिळत नाही. तरी नव्या मुलखात आपल्या माणसाची एक कबर आधीपासून असावी, ही गोष्ट मागाहून येणाऱ्यांस केवढी आधाराची वाटली असेल हे त्या परंपरेच्या टिकण्यावरूनच दिसते.

बुऱ्हाणुद्दीन गरीब दौलताबादेस आले तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडलेली होती. ते मूळचे हांसीचे. दिल्लीस निजामुद्दीनांच्या सेवेत त्यांच्याकडे स्वयंपाकघराची व्यवस्था होती असे परंपरेत सांगितले जाते. १३३७ साली ते वारले व येथेच पुरले गेले. म्हणजे नव्या देशात त्यांस आठ-नऊ वर्षांचाच अवधी मिळाला. तेवढ्यात त्यांच्याभोवती जो शिष्यवर्ग जमला त्याने त्यांचे बोलणे टिपून ठेवले, आणि गुरूपुढे बसावे कसे, पाहुण्यास वाढावे कसे, येथपर्यंतचे आचार लिहून काढले. दिल्लीत जे आपोआप पाहून शिकता येत होते ते आता लिहून ठेवणे प्राप्त झाले. स्थलांतरित समाज आपल्या रीतींची नोंद अधिक काटेकोरपणे करतो याचा हा एक चांगला दाखला मानता येईल.

या लेखनाचा आदर्श दिल्लीतच तयार झालेला होता. निजामुद्दीन औलियांच्या संभाषणांचा ‘फवाइद-उल-फुआद’ हा संग्रह करणारे कवी अमीर हसन सिज्जी हेही दिल्लीहून दौलताबादेस आले आणि त्यांची कबर खुलताबादेतच आहे. त्यांची घरची भिंत दिल्लीत राहिली; परंतु त्यांच्या ग्रंथाची पद्धत त्यांच्याबरोबर आली आणि दक्षिणेतील सूफी गद्याचा ती पाया झाली. प्रवासास निघताना काय बरोबर घ्यावे याचा विचार प्रत्येकास करावा लागतो. या माणसांनी जे बरोबर आणले ते ओझ्याने हलके होते : गुरूची खिरका, काही पोथ्या, आणि एकत्र जेवण्याची व बसण्याची रीत.

बरनीने देवगिरीच्या भोवती चहूकडे मुसलमानांच्या दफनभूमी उठल्या असे खेदाने लिहिले आहे. त्याच्या दृष्टीने हा स्थलांतराच्या अपयशाचा पुरावा. परंतु इतिहासाच्या लांब पल्ल्यात पाहिले तर याच कबरींनी वस्तीस मूळ धरू दिले. ज्या भूमीत आपला बाप वा गुरू पुरला आहे ती परकी राहत नाही. राजाने आखलेले दौलताबादचे मोहल्ले आज अवशेषरूपाने उरले आहेत. कोणीही न आखलेले रौजा मात्र नांदते गाव आहे.

७

या कथेचा शेवट एका प्रवासाने होत नाही. १३३५ च्या सुमारास सुलतान वरंगळच्या स्वारीत आजारी पडून बीडमार्गे देवगिरीकडे आला. याच वाटेवर बीडजवळ त्याचा दात पडला व त्यावर कबर बांधण्यात आली असे फिरिश्ता सांगतो. त्या वेळी त्याने दिल्लीस परत जाण्याची मुभा दिली. काफिले निघाले, परंतु बरनी पुढे म्हणतो की, ज्यांस मरहट देश मानवला ते बायकामुलांसह तेथेच राहिले. या ओझरत्या वाक्याकडे व्हावे तितके लक्ष गेलेले नाही. सक्तीने आणलेल्या माणसांपुढे प्रथमच खरी निवड आली, आणि त्यांतील काहींनी राहण्याची निवड केली. सक्तीच्या स्थलांतराचा इतिहास येथे संपतो आणि महाराष्ट्रातील एका समाजाचा इतिहास येथून सुरू होतो, असे म्हणावयास हरकत नाही.

सर्वांचा निर्णय एक नव्हता, आणि सर्वांचे भाग्यही एक नव्हते. निजामुद्दीनांचे विद्वान शिष्य फखरुद्दीन जर्रादी यांचे मन दौलताबादेत रमले नाही. ते मक्केच्या यात्रेस गेले, तेथून बगदादेस गेले, आणि दिल्लीस परत येण्यासाठी ज्या गलबतात बसले ते समुद्रात बुडाले. गेसूदराज या नावाने प्रसिद्ध असलेले सय्यद महंमद हुसैनी सात वर्षांचे असताना वडिलांबरोबर दिल्लीहून आले. वडील सय्यद यूसुफ, अर्थात राजू कत्ताल, १३३१ साली वारले व खुलताबादेस पुरले गेले. आईबरोबर मुलगा १३३५-३६ मध्ये दिल्लीस परतला व नासिरुद्दीन चिराग-ए-दिल्ली यांचा शिष्य झाला. साठांहून अधिक वर्षे दिल्लीत काढल्यावर, १३९८ साली तैमूरच्या स्वारीच्या वेळी, सत्याहत्तर वर्षांच्या या वृद्धाने दुसऱ्यांदा दिल्ली सोडली. दक्षिणेत येऊन त्याने प्रथम खुलताबादेस वडिलांच्या कबरीचे दर्शन घेतले व मग तो गुलबर्ग्यास गेला. तेथेच १४२२ साली त्याचा अंत झाला. एका मनुष्याच्या आयुष्यात घर सोडणे तीनदा घडले. पण शेवटच्या खेपेस त्यास वाट दाखविणारी वस्तू घर नव्हती, कबर होती.

बुऱ्हाणुद्दीनांचे उत्तराधिकारी झैनुद्दीन शिराजी यांची कथा उलट दिशेची. १३४७ साली दौलताबादेत अमीरांचे बंड झाले तेव्हा सुलतानाने तेथील काही प्रतिष्ठितांस दिल्लीस धाडले. त्यांत झैनुद्दीनांस जावे लागले. ज्या राजाने वीस वर्षांपूर्वी माणसे दिल्लीहून उचलली त्यानेच ती आता दौलताबादहून उचलली. परंतु पुढे परत येणे शक्य होताच झैनुद्दीन दिल्लीत न राहता दक्षिणेत आले, आणि १३६९ साली खुलताबादच्याच मातीत विसावले. वीस वर्षांत ‘परत येणे’ या शब्दाची दिशा बदलली होती. १३२९ साली परत म्हणजे दिल्ली. १३५० नंतर परत म्हणजे रौजा. या बदलाहून अधिक स्पष्ट असा घर बदलल्याचा पुरावा इतिहासात क्वचित सापडेल.

झैनुद्दीनांच्या याच दर्ग्याच्या आवारात तीन शतकांनंतर आणखी एका परत न गेलेल्या प्रवाशास जागा मिळाली. औरंगजेबाने १६७९ साली दिल्ली सोडली ती कायमची. १६८१ च्या अखेरीस तो दक्षिणेत उतरला. मराठ्यांचे राज्य मोडण्यास लागेल तेवढाच काळ राहावयाचे होते. तो काळ पंचवीस वर्षांचा झाला. १७०७ साली अहमदनगर येथे त्याचा मृत्यू झाला व देह खुलताबादेस आणला गेला. मरणोत्तर मिळालेल्या ‘खुल्द-मकान’, म्हणजे ज्याचे घर स्वर्गात आहे, या बिरुदावरून गावास आजचे नाव पडले. गावाच्या नावातच ‘घर’ आहे, पण ते दिल्लीचे नव्हे.

८

वरील विवेचनावरून दोन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, १३२७-२९ च्या स्थलांतराची परीक्षा करताना ‘योजना वेडगळ होती’ हे उत्तर अपुरे आहे. योजना पुष्कळ अंशी नीट आखलेली होती. तिच्यातील उणीव व्यवस्थेची नव्हती, तर गृहीतकाची होती. घर म्हणजे विकत घेता येणारी वास्तू, एवढाच अर्थ तिने धरला. जाणाऱ्यास परतीची वाट मोकळी ठेवली असती, तर कदाचित राहणारे अधिक राहिले असते. १३३५ नंतर स्वेच्छेने राहिलेली कुटुंबे याचीच साक्ष देतात.

दुसरा निष्कर्ष पद्धतीसंबंधी आहे. दिल्लीचे बखरकार आपणांस रिकामी घरे दाखवितात, खुलताबादचे लेखन भरलेले गाव दाखविते. एकाच प्रसंगाची ही दोन टोके आहेत आणि ती आजवर बहुधा निरनिराळी वाचली गेली. पदव्युत्तर अभ्यासकांनी बरनी व इसामी यांच्या जोडीला खुलताबादचे संवादसंग्रह व तेथील कबरींवरील लेख यांचा एकत्र अभ्यास केल्यास, चौदाव्या शतकातील महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात पुष्कळ भर पडेल. तिलपतच्या मुक्कामी पुरलेला नव्वद वर्षांचा वृद्ध आणि खुलताबादेस वडिलांची कबर शोधीत आलेला सत्याहत्तर वर्षांचा वृद्ध, यांच्यामधील सत्तर वर्षांत काय घडले, हे सांगता येणे हाच या विषयाच्या अभ्यासाचा खरा हेतू होय.